नागासाकीतील एक दिवस : वसईच्या दुभाष्याच्या शोधात

आमच्या वसईत संत गोन्सालो गार्सियाचे नाव ऐकले नाही असे मूल सापडणे कठीण. गासचे चर्च त्याच्या नावाचे आहे, वसईचे महाविद्यालय त्याच्या नावाचे आहे, आणि फेब्रुवारी महिना आला की त्याच्या सणाची वर्दी घरोघर पोहोचते. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. या संताविषयी मी मुलांना दरवर्षी त्याच दहा ओळी सांगत असे : जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर रक्तसाक्षी मरण, १८६२ साली पोप पायस नववे यांनी दिलेले संतपद, भारतात जन्मलेला पहिला संत. एके वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, मरायच्या आधी तो तिथे काय काम करायचा?”

त्या प्रश्नाला मी काहीतरी मोघम उत्तर दिले. “धर्मप्रसार करायचा,” असे म्हटले असावे. पण प्रश्न मनात राहिला. माणसाच्या मरणाच्या एका दिवसाचा आपण उत्सव करतो आणि त्याआधीच्या चाळीस वर्षांकडे पाहायचे राहून जाते, ही खंत मला निवृत्तीनंतरही सोडीना.

माझा मुलगा नोकरीनिमित्त जपानच्या फुकुओका शहरी राहतो. हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याला एकही दिवस सुटी मिळेना. “आई, तू एकटी जाशील का नागासाकीला?” असे त्याने भीत भीत विचारले. मी लगेच होकार दिला. सकाळी त्याने मला हाकाता स्थानकावर गाडीत बसवून दिले. वाटेत एकदा गाडी बदलायची, फलाटाच्या पलीकडेच बुलेट ट्रेन उभी असते, एवढी सूचना त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली होती. सुमारे दीड तासाने मी नागासाकीला उतरले. हातात एक पिशवी, तीत पाण्याची बाटली, जपमाळ आणि घरचे चार लाडू. भाषा एक अक्षर येत नव्हती.

निशिझाकाची टेकडी

स्थानकाबाहेर पडून रस्ता ओलांडला आणि थोडी चढण चढले की निशिझाकाची टेकडी येते. टेकडी म्हणायची ती इतिहासामुळे, आज तिच्या भोवती शहर दाटले आहे. वर एक मोकळे पटांगण आहे आणि त्याच्या कडेला दगडी चौथऱ्याची लांबच लांब भिंत. त्या भिंतीवर सव्वीस ब्राँझच्या मूर्ती एका ओळीत उभ्या आहेत. संतपदाच्या शताब्दीनिमित्त १९६२ साली हे स्मारक आणि शेजारचे संग्रहालय उभे राहिले. मूर्ती फुनाकोशी यासुताके या शिल्पकाराच्या, वास्तू इमाई केन्जी यांची.

मी क्रूस शोधत होते. क्रूस नाहीत, भाले नाहीत, रक्त नाही. सव्वीस माणसे हात जोडून उभी आहेत आणि त्यांची पावले जमिनीला टेकलेली नाहीत, खाली लोंबती आहेत. जणू कुणी त्यांना हलकेच वर उचलून घेत आहे. तीन मूर्ती इतरांहून बुटक्या आहेत, ती मुले आहेत. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा, थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. शिक्षिकेची नजर प्रथम तिकडेच जायची. सहावी, सातवी, आठवीच्या वर्गात बसतात तेवढी ही मुले.

संग्रहालयातून घेतलेल्या पत्रकावरून मी नावे जुळवीत गेले. रांगेच्या मध्यभागी मेक्सिकोच्या फेलिपेशेजारी आमचा गोन्सालो उभा होता. इतक्या दूरवर येऊन तो भेटला तेव्हा मला रडू येईल असे वाटले होते. तसे काही झाले नाही. उलट थोडी ओशाळल्यासारखी झाले. आम्ही त्याला नेहमी एकटा पाहिलेला, वसईचा एकुलता एक. इथे तो सव्वीस जणांच्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभा होता आणि त्यात त्याला वेगळी जागा नव्हती. सव्विसांपैकी वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक आमचा. त्यांत धर्मगुरू किती? अवघे तीन. बाकीचे तेवीस म्हणजे धर्मबंधू, धर्मशिक्षक, वैद्य, सुतार, तलवारी घडविणारा, रेशमाचा कारागीर आणि आल्तारापाशी सेवा करणारी पोरे. ही गोष्ट मी तीस वर्षांत एकदाही मुलांना सांगितली नव्हती.

काम काय करायचा?

मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे : तो दुभाषा होता.

गोन्सालोचे वडील पोर्तुगीज आणि आई आपल्या कोकणपट्टीची. वसईत येशूसंघीयांच्या छायेत तो वाढला आणि पंधरा-सोळा वर्षांच्या कोवळ्या वयात एका येशूसंघीय धर्मगुरूबरोबर जपानला गेला. गोव्याहून मलाक्का, तेथून मकाव आणि मकावहून नागासाकी, असा तो जलमार्ग. नागासाकी बंदर १५७१ साली पोर्तुगीज व्यापारासाठी खुले झाले होते आणि चीनचे रेशीम देऊन जपानची चांदी नेणारी गलबते तेथे येत असत. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले, त्याला तेव्हा वीस-बावीस वर्षेच लोटली होती. गोन्सालोने आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले आणि त्या काळात जपानी भाषा अशी आत्मसात केली की ती त्याचीच झाली.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. त्याचा मिश्र जन्म आड आला असे चरित्रकार मानतात. आपल्या संताच्या गोष्टीतले हे पान आपण घाईने उलटतो, पण ते वाचल्यावाचून तो माणूस कळत नाही. ज्या घराचे अंगण त्याने आठ वर्षे झाडले त्या घराचे दार त्याला उघडले नाही. तो मकावला गेला, व्यापारी झाला आणि व्यापारात त्याचा चांगला जमही बसला. पुढे फिलिपाइन्समधील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्याला धर्मबंधू म्हणून स्वीकारले.

१५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नरचा वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे जायचे होते. बरोबर जपानी जाणणारा माणूस हवा होता आणि तो गोन्सालो होता. कोरियावरील स्वारीत गुंतलेल्या त्या कोपिष्ट सत्ताधीशापुढे वसईच्या माणसाने स्पॅनिश शब्दांचे जपानी केले आणि जपानी शब्दांचे स्पॅनिश. एका चुकीच्या शब्दाने डोके उडाले असते. ती भेट निभावली, फ्रान्सिस्कनांना राहण्याची मुभा मिळाली, आणि क्योतोमध्ये त्यांनी चर्च बांधले व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उघडले. रुग्णाच्या अंथरुणापाशी बसलेल्या परदेशी धर्मगुरूला “याला कुठे दुखते आहे?” हे कळायचे असेल तर मध्ये कुणीतरी बसायला हवेच. तो बसत असे.

मग १५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातील मौल्यवान मालावर सरकारची नजर गेली. आधी धर्मगुरू येतात आणि मागून सैन्य येते, असे काहीतरी जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने बढाईखोरपणे बोलून दाखविल्याचे सांगतात. पोर्तुगीज आणि स्पॅनिश यांची चढाओढ, दोन धर्मसंघांमधील बेबनाव आणि हिदेयोशीचा संशय यांचा मिळून जो वणवा पेटला त्यात ही माणसे सापडली. हुतात्म्यांच्या कथेतून राजकारण वजा केले तर कथा गोड होते, परंतु खरी राहत नाही. साम्राज्यांच्या भांडणाची किंमत बहुधा असे लोक देतात की ज्यांचे कोणतेच साम्राज्य नसते.

क्योतोमध्ये त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, गावोगाव धिंड काढण्यात आली, आणि भर थंडीत सुमारे आठशे किलोमीटरचा प्रवास महिनाभर चालला. निघताना ते चोवीस होते. वाटेत त्यांची शुश्रूषा करणारे आणखी दोघे त्यांतच धरले गेले. चौदा वर्षांच्या थॉमसने वाटेवरून आईला पत्र लिहिले. माझी आणि बाबांची काळजी करू नकोस, धाकट्या भावांकडे लक्ष दे, असा त्याचा आशय. वडील मिगेल त्याच्याबरोबरच क्रूसावर गेले. ते पत्र आईपर्यंत पोहोचले नाही, वडिलांच्या अंगावरील कपड्यांत रक्ताने माखलेले सापडले. येशूसंघाचा पावलो मिकी क्रूसावरून बोलला आणि त्याने मारणाऱ्यांना क्षमा केली. गोन्सालोला आता दुभाष्याचे काम उरले नव्हते. जे घडत होते ते समजायला दुभाष्याची गरज नव्हती.

पाण्याचा माणूस

संग्रहालयाच्या आत प्रकाश मंद आहे. एका काचेच्या पेटीपुढे मी बराच वेळ उभी राहिले. आत पांढऱ्या चिनी मातीच्या लहान लहान मूर्ती होत्या : स्त्रीरूपातली, शांत चेहऱ्याची देवता, एखादीच्या मांडीवर बाळ. बाहेरच्याला ती करुणेची बौद्ध देवता कान्नोन वाटावी. घरातल्यांना ठाऊक असे की ही पवित्र मारिया आहे. तिला आज ‘मारिया कान्नोन’ म्हणतात. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, ज्याची शिल्पे आमच्या वसईपासून फार दूर नसलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. कोकणच्या कातळात कोरलेली करुणा चीनमार्गे जपानला गेली, आणि शेकडो वर्षांनी कोकणातून आलेल्या एका ख्रिस्ती दुभाष्याच्या धर्मबांधवांना तिने आपल्या पदराखाली लपविले. इतिहास असाही आडवाटेने ऋणानुबंध जोडतो.

हे लपणे का आले, तेही थोडक्यात सांगायला हवे. १६१४ मध्ये तोकुगावा सत्तेने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. नागासाकीची चर्चे पाडली गेली. १६३७-३८ चे शिमाबाराचे बंड चिरडल्यावर १६३९ मध्ये पोर्तुगिजांना देशाबाहेर घालवले. १६४४ मध्ये अखेरचा जपानी धर्मगुरू कोनिशी मान्सियो मारला गेला. त्यानंतर २२१ वर्षे येथील श्रद्धावंतांना मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू लाभला नाही.

तरीही ख्रिस्तसभा टिकली, ती कशी टिकली हे मला या काचेच्या पेट्यांतून उमगले. खेड्याखेड्यांत लोकांनी कामे वाटून घेतली. एक नोंदवहीचा माणूस, जो सणवारांचे पंचांग सांभाळी. उपवासकाळ केव्हा, नाताळ केव्हा, हे तो सांगे. दुसरा पाण्याचा माणूस, जो बाळांना बाप्तिस्मा देई. तिसरा निरोप्या, जो घरोघर जाऊन आज कोणता सण आहे ते कानात सांगे. पापस्वीकार ऐकायला धर्मगुरू नाही, तर मनापासून पश्चात्ताप कसा करावा हे शिकविणारी एक जुनी पुस्तिका हाताने उतरवून घेतली जाई. पश्चात्तापासाठी तिच्यातला शब्द होता ‘कोनचिरिसान’, पोर्तुगीज शब्दाचे जपानी जिभेवर झिजलेले रूप. प्रार्थनेला ते ‘ओराशो’ म्हणत. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, शब्दांचे अर्थ पुसट झाले, पण आजीच्या तोंडून नातवाच्या तोंडी ते शब्द जात राहिले.

मला माझी आजी आठवली. संध्याकाळी दिवेलागणीला ती रोझरीला बसायची. प्रार्थनेतले काही लॅटिन शब्द ती अगदी चुकीचे म्हणायची आणि त्यांचा अर्थ विचारला तर “आमचे वाडवडील असेच म्हणत” एवढेच उत्तर द्यायची. मी शिकलेली मुलगी, मला तेव्हा तिचे हसू येई. या पेटीपुढे मला त्या हसण्याची लाज वाटली.

शाळेखालचे चर्च आणि पावाचा शब्द

टेकडी उतरून मी शहरात पायी निघाले. साकुरामाची भागात एक प्राथमिक शाळा आहे. तिच्या पुनर्बांधणीसाठी खोदकाम झाले तेव्हा जमिनीखाली डोमिनिकन संघाचे १६०९ सालचे चर्च सापडले. त्याचे आयुष्य अवघे पाच वर्षांचे, १६१४ साली ते पाडले गेले आणि त्यावर सरकारी अधिकाऱ्याचा वाडा उठला. आज शाळेच्या तळमजल्यावर त्याची फरसबंदी, तळघर आणि फुलासारख्या क्रूसाचे ठसे असलेली कौले जपून ठेवली आहेत. वरच्या मजल्यावर पाढे आणि खाली कौलांवरचे क्रूस! शाळामास्तरणीला यापेक्षा बोलके संग्रहालय कोणते असणार?

पुढे देजिमा लागते. पंख्याच्या आकाराचे हे कृत्रिम बेट १६३६ मध्ये पोर्तुगिजांना कोंडून ठेवण्यासाठी समुद्रात बांधले. ते गेल्यावर १६४१ पासून डच व्यापारी तेथे राहिले. भराव पडून आता ते शहराच्या पोटात गेले आहे. पुन्हा उभारलेली लाकडी घरे मी धावतीच पाहिली, कारण व्यापाराच्या वखारी आमच्याकडेही पुष्कळ होत्या.

दुपारी भूक लागली तेव्हा एका लहानशा दुकानात शिरले. खुणेने काय मागावे या विवंचनेत असताना दुकानातल्या बाई काचेआडच्या भाजीव पदार्थांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “पान?” मला क्षणभर विड्याचे पान आठवले. मग लख्ख उजेड पडला. पोर्तुगीज शब्दाचे आपण मराठीत केले ‘पाव’, यांनी केले ‘पान’. मी मान डोलावली आणि हसत म्हटले, “पाव, पाव!” त्यांनीही हसून तो शब्द म्हणून पाहिला. चारशे वर्षांपूर्वीच्या त्याच गलबतांतून हा शब्द तुमच्या-आमच्या घरी उतरला. त्या दिवशी माझ्यासाठी दुभाष्याचे काम त्या एका शब्दाने केले.

ओउराचे चर्च

ट्रामने मी दक्षिणेला ओउरा येथे गेले. चढणीवरच्या पायऱ्यांच्या शेवटी हे पांढरे चर्च आहे. पॅरिसच्या परदेशी मिशन संघाच्या धर्मगुरूंनी ते परकीय व्यापाऱ्यांसाठी बांधले. १८६४ च्या अखेरीस ते पुरे झाले आणि सव्वीस हुतात्म्यांना समर्पित केले गेले. ते निशिझाकाच्या दिशेला तोंड करून उभे आहे. जपानमध्ये आज उभ्या असलेल्या चर्चांत ते सर्वांत जुने, राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेले. २०१८ साली गुप्त ख्रिस्ती परंपरेच्या स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला.

१७ मार्च १८६५ रोजी दुपारी दहा-पंधरा गावकरी या दारापाशी आले. फादर पेतीजाँ त्यांना आत घेऊन गेले आणि आल्तारापुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. तेवढ्यात एक स्त्री त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली की आमचे हृदय तुमच्यासारखेच आहे. मग तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

ती मूर्ती आजही तेथे आहे. मी मागच्या बाकावर बसले. प्रवाशांचा एक घोळका आला नि गेला. माझ्या मनात त्या बाईचा प्रश्न घोळत राहिला. दोनशे एकवीस वर्षे वाट पाहिल्यावर माणसाने काय विचारावे? तिने वाद घातला नाही, ओळखपत्र मागितले नाही. आईची मूर्ती कुठे आहे एवढेच विचारले. ते सारे उराकामी या खेड्यातून आले होते.

उराकामी

ओळख पटली, पण बंदी उठली नव्हती. उराकामीच्या लोकांनी बौद्ध पद्धतीचे अंत्यविधी नाकारले तेव्हा १८६७ मध्ये धरपकड सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ३,३९४ माणसे, म्हणजे जवळजवळ सारे खेडे, देशभरात ठिकठिकाणी हद्दपार झाली. छळ, थंडी आणि उपासमार यांनी सहाशेहून अधिक जण गेले. परदेशांतून निषेध झाला आणि १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. उरलेले लोक घरी परतले. त्यांत अखेरपर्यंत ठाम राहिलेले होते तसेच मध्येच कोसळून “धर्म सोडला” म्हणणारेही होते.

परत आल्यावर त्यांनी गावच्या मुखियाच्या वाड्याची जागा विकत घेतली. जागा का तीच, हे कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. याच वाड्यात दरवर्षी नववर्षाच्या सुमारास त्यांना रांगेने बोलावून पवित्र प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. त्या प्रतिमेला ‘फुमिए’ म्हणत, तुडवायचे चित्र. पाय न ठेवणारा ख्रिस्ती म्हणून पकडला जाई. पिढ्यान् पिढ्या उराकामीच्या माणसांनी पाय ठेवला, घरी आले, दार लावले आणि कोनचिरिसानची प्रार्थना म्हटली.

मी वर्गात नेहमी निशिझाकाची गोष्ट सांगितली, या वाड्याची कधी सांगितली नाही. ज्यांनी पाय ठेवला ते भ्याड, असेच माझ्या मनात असावे. पण कडेवर मूल घेऊन रांगेत उभी असलेली ती आई मी डोळ्यांपुढे आणली, तेव्हा निवाडा करण्याचा माझा अधिकार गळून पडला. तिने पाय ठेवला नसता तर त्या मुलाला ओराशो कुणी शिकविला असता? आणि निशिझाकाचे सव्वीस जण नसते तर ती रात्री कुणाच्या आठवणीने रडली असती? ख्रिस्तसभेला दोघेही लागले, हेच मला त्या दिवशी समजले. मी हे कुणाला शिकवू शकेन की नाही, ठाऊक नाही.

त्या जागेवर १८९५ मध्ये चर्चचे बांधकाम सुरू झाले. गरीब शेतकऱ्यांच्या पैशांतून विटेवर वीट चढत ते १९१४ मध्ये उभे राहिले, मनोरे १९२५ मध्ये पुरे झाले. वीस वर्षांनी, ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी, त्यापासून अवघ्या पाचशे मीटरवर अणुबाँब फुटला. विमान निघाले होते कोकुरा शहरासाठी. तेथे काही दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळले. वर्ष संपेपर्यंत सुमारे ७४,००० माणसे मेली. उराकामीच्या १२,००० श्रद्धावंतांपैकी सुमारे ८,५०० त्यांत होते. चर्चमध्ये त्या वेळी पापस्वीकार चालू होता. धर्मगुरू आणि रांगेतली माणसे, कुणीही वाचले नाही. अडीचशे वर्षांच्या छळाला जे जमले नाही ते एका क्षणाने केले, आणि तो बाँब टाकणारा देश ख्रिस्ती म्हणविणारा होता.

अणुबाँब संग्रहालयात ११ वाजून २ मिनिटांवर थांबलेले घड्याळ आहे आणि उष्णतेने वितळून गोळा झालेल्या जपमाळा आहेत. पिशवीतल्या जपमाळेवर माझा हात आपोआप गेला. संग्रहालयाविषयी याहून अधिक मला लिहवत नाही.

जवळच न्योकोदो नावाची झोपडी आहे, दोन चटयांएवढी. डॉ. नागाई ताकाशी यांची ही जागा. ते क्ष-किरणतज्ज्ञ होते. विद्यार्थिदशेत ते ज्या घरी राहत ते मोरियामा कुटुंब उराकामीच्या गुप्त ख्रिस्ती लोकांतील नोंदवही सांभाळणाऱ्यांचे. त्याच घरची मुलगी मिदोरी. १९३४ मध्ये त्यांनी पावलो मिकीच्या नावाने बाप्तिस्मा घेतला आणि तिच्याशी विवाह केला. बाँबनंतर तिसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी मिदोरीची हाडे होती आणि त्यांत वितळलेली जपमाळ. दोन मुले डोंगरात आजीकडे असल्याने वाचली. बाँबपूर्वीच रक्ताच्या कर्करोगाने गाठलेले नागाई या झोपडीत पडल्या पडल्या लिहीत राहिले आणि १ मे १९५१ रोजी वारले. झोपडीचे नाव शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या आज्ञेवरून ठेवलेले आहे.

मृतांसाठी १९४५ च्या नोव्हेंबरात झालेल्या मिस्साप्रसंगी नागाईंनी या संहाराकडे परमेश्वराला वाहिलेले अर्पण म्हणून पाहिले. तो विचार अनेकांना आधार वाटला, अनेकांना पटला नाही. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमाला आले तेव्हा युद्ध हे माणसाचे कृत्य आहे असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मला पोप महोदयांचे म्हणणे पटते. परंतु पत्नीची हाडे स्वतःच्या हातांनी गोळा केलेल्या माणसाशी वाद घालण्याचे धैर्य माझ्यात नाही.

संध्याकाळ होत आली तशी मी उराकामीच्या कॅथेड्रलच्या पायऱ्या चढले. आजचे चर्च १९५९ चे. आत एका लहान प्रार्थनालयात पवित्र मारियेच्या लाकडी मूर्तीचे फक्त मस्तक आहे. युद्धावरून परतलेल्या एका संन्यासी धर्मगुरूला ते भग्नावशेषांत सापडले. काचेचे डोळे नाहीसे झालेले, गालावर जळाल्याचे डाग. ओउराच्या मारियेला शोधत आलेल्या स्त्रीच्या नातवंडा-पतवंडांना ही मारिया मिळाली.

सहा वाजले आणि मनोऱ्यांतून आंजेलसच्या घंटा सुरू झाल्या. पूर्वीच्या दोन घंटांपैकी एक बाँबमधून वाचली होती आणि १९४५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला राखेत उभ्या राहिलेल्या लोकांनी ती पुन्हा वाजविली. दुसऱ्या मनोऱ्याची जागा ऐंशी वर्षे रिकामी होती. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी त्या दोन्ही मनोऱ्यांतून नाद एकत्र उठला. क्षमा कशी असते असे कुणी विचारले तर मी त्याला व्याख्या सांगणार नाही. हे सांगेन.

रात्री फुकुओकाला पोहोचले. मुलाने भात लावून ठेवला होता. “आई, काय काय पाहिलंस?” त्याने विचारले. मी म्हणाले, “गोन्सालो तिथे काय काम करायचा ते पाहून आले.” आणि मग दुभाष्यापासून पाण्याच्या माणसापर्यंत सारे त्याला सांगितले. तो ऐकत होता. त्याच्या घरी जपमाळ नाही, हे मला पहिल्याच दिवशी दिसले होते आणि मी त्याबद्दल बोलले नव्हते. त्या रात्रीही बोलले नाही. जेवण झाल्यावर मी पिशवीतून माझी जपमाळ काढली आणि खिडकीपाशी बसून नेहमीप्रमाणे मराठीतून सुरुवात केली. पहिले दशक मी एकटीने म्हटले. दुसऱ्या दशकाला, मोरीपाशी भांडी विसळता विसळता, प्रार्थनेचा उत्तरार्ध त्याने म्हटला. एका ठिकाणी शब्द चुकला. माझी आजी चुकायची तोच शब्द, आणि तसाच. मी तो सुधारला नाही.